एक हात वर

२६ एप्रिल

मला विमानानं तळ्यावर न्यायला वेंडेलनं आज चौथ्यांदा नाही म्हटलं. पहिल्यांदा वारा होता, दुसऱ्यांदा इंजिनाचं तेल गळत होतं, तिसऱ्यांदा पाठ धरली होती. आज आकाश लख्ख, धुराड्यांचा धूर सरळ वर, तर म्हणे, "सेसिलिया, तळ्यावरचा बर्फ एकदा वरून बघून येतो, मग ठरवू." बघून ये म्हटलं तर जातही नाही. गेल्याच आठवड्यात पलीकडच्या तळ्यावर दोनदा उतरून आलाय हा. नाचता येईना अंगण वाकडं.

मला बसवत नाही. सकाळपासून तीनदा केर काढला. सहा जूनला फेबियनचं पॉटलॅच आहे. माझा नवरा जाऊन दोन वर्षं होतील. नदीवरच्या चारही गावांना जेवू घालायचं, ज्यांनी खड्डा खणला, पेटी केली, देह घरी आणला त्यांना स्वतःच्या हातानं वस्तू द्यायच्या, की मग गेलेला माणूस जायला मोकळा. मूस हरणाचं मांस माझ्या भावांनी दिलंय. पण पानात फेबियनच्या तळ्यावरचे रानहंस नसतील तर ते जेवण फेबियनचं कसं? आणि मे अर्धा सरला की तळ्यावरचा बर्फ फुटतो, स्की लावलेलं विमान उतरत नाही. पुढे पाण्यावर उतरणारी विमानं जायला लागेपर्यंत जून उजाडतो.

ही वही त्याचीच. पुढच्या पानांवर त्याच्या सापळ्यांच्या नोंदी, मागच्या कोऱ्या पानांवर माझी कटकट. संध्याकाळी पहिले रानहंस गावावरून गेले. सात होते.

२८ एप्रिल

विनी आली होती. फेबियनची थोरली बहीण. तीन कप चहा पिते आणि प्रत्येक कपाला एक चूक काढते. आज भेटवस्तूंवर घसरली.

"घोंगड्या ठीक. हातमोजे ठीक. बंदूक कुणाला?"

"वेंडेलला. देह त्यानंच आणला ना."

"तो घेत नाही म्हणे."

"तुला कोण बोललं?"

"अख्ख्या गावाला माहितीय, बाई. मार्चमध्ये तू विचारलंस तर म्हणाला, भाच्याला दे. पॉटलॅचची वस्तू नाकारतात का कधी? माझ्या भावाच्या तोंडावर दार आपटल्यासारखंच ते."

मी म्हटलं, घेईल. ती डोळे बारीक करून म्हणाली, "मला वाटतं तो तुझ्यापुढं लाजतोय. साठीच्या बायकांपुढंही पुरुष लाजतात."

"मी बासष्टची आहे."

"मग तर जास्तच."

हसले, पण ती गेल्यावर हसू टिकलं नाही. बंदूक फेबियनच्या डाव्या खांद्याला बसून बसून एका बाजूनं गुळगुळीत झालीय. ती वेंडेलच्या हातात गेली नाही तर फेबियनचा एक पाय या घराच्या उंबऱ्यातच अडकून राहणार, असं मला वाटतं. आणि माझाही.

१ मे

वेंडेलला जेवायला बोलावलं. गोड बोलून पाहावं म्हटलं. मूसचं सूप केलं, त्याला आवडतं तसं, बटाटे मोठे ठेवून.

मग दहा तारखेची गोष्ट सांगायला लावली. मला ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते. दोन वर्षांपूर्वी चार मेला यानंच फेबियनला तळ्यावर सोडलं, चौदाला आणायचं ठरलं. दहाला हा खाणीवर सामान घेऊन चालला होता, वाटेत तळ्यावरून खाली आला. फेबियन खोपटाबाहेर उभा होता. त्यानं एक हात वर केला. एक हात म्हणजे सगळं ठीक आहे, जा. दोन्ही हात म्हणजे उतर, मला ने. इथं ही खूण चालायला लागलेल्या पोराला शिकवतात, शिकारीच्या नियमांच्या पुस्तकातही छापलेली असते. यानं पंख हलवून उत्तर दिलं आणि पुढे गेला. चौदाला गेला तेव्हा फेबियन खाटेवर होता, गेलेला. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदूतली शीर फुटली, डावी बाजू गेली असणार, जाऊन दोन दिवस झाले असतील.

म्हणजे दहाला तो ठणठणीत होता. उन्हात उभा होता. माझ्याकडे त्याचं शेवटचं तेवढंच आहे, त्यामुळे मला ते नीट हवं असतं.

"टोपी घातली होती का रे त्यानं?"

"आठवत नाही."

"मागच्या वेळी म्हणालास, नव्हती."

"मग नसेल."

"हसत होता?"

"सेसिलिया, मी चारशे फुटांवर होतो."

"पॉटलॅचला ही गोष्ट तूच सांग सगळ्यांना," मी म्हटलं. तो उठला. म्हणाला विमानाची बॅटरी चार्जिंगला लावलीय, काढायला हवी. सूप अर्धं तसंच. हा माणूस माझ्या घरी अर्धं सूप टाकतो! कुठंतरी घोडं पेंड खातंय. विनीचं खरं असेल तर काय करायचं, हा एक नवीनच ताप.

५ मे

आता पुरे झालं. धावपट्टीवर जाऊन त्याच्या तोंडावर सांगितलं, तू नेत नसशील तर खालच्या गावातल्या त्या नव्या पायलटला सांगते. तो पोरगा गेल्या हिवाळ्यात दोनदा विमान उलटं करून आलाय. वेंडेलचं तोंड उतरलं.

"तो मारेल तुला."

"मग तू ने."

बराच वेळ तो पाना फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "परवा. पण एकटी राहू नकोस तिथं. एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी आणतो."

"एका दिवसात रानहंस स्वतःहून येऊन पिशवीत बसतात काय?"

बारा तारीख ठरली.

७ मे

पोचले. चाळीस मिनिटं उड्डाण. पायांशी करवत, पीठ, गोळ्या आणि मांडीवर रेडिओ. खाली नदी अजून गोठलेली, पण दक्षिणेच्या उतारांवरचा बर्फ गेलाय आणि एके ठिकाणी मूसची मादी, मागे वाळलेल्या पानाच्या रंगाचं पिल्लू, पाय लटपटत.

तळ्यावर उतरलो, बर्फ पांढरा, टणक. वेंडेलनं इंजिन बंदही केलं नाही. सामान बर्फावर ठेवलं आणि खोपटाकडे पाठ करून उभा राहिला. मी म्हटलं, चहा तरी घे. नको. मग माझे दोन्ही दंड धरले, याआधी कधी धरले नव्हते.

"मी वरून आलो की दोन्ही हात वर कर."

"ठीक असले तर?"

"ठीक असलीस तरी दोन्ही."

"अरे, मग ठीक आहे हे कसं सांगायचं?"

"सांगू नकोस. मी उतरून बघेन."

म्हातारपण आलंय त्याला. गेला. आवाज विरला आणि मग इतकं शांत झालं की कान दुखायला लागले.

८ मे

खोपट बरं आहे. दारावर नखांचे चार ओरखडे, खिडकीचा कागद फाटलेला, बाकी जसंच्या तसं. दोन वर्षं इथं कुणी पाऊल टाकलेलं नाही.

फेबियन, तुझं काय सांगावं! लाकडं न फोडता गेलास. बाहेर ओंडके पडलेत आणि तू अख्खा ओंडकाच चुलीत सरकवला होतास, अर्धा जळलेला अजून बाहेर डोकावतोय. घराला आग लागली असती तर? पीचचा डबा उघडायच्या यंत्रानं न उघडता वरून सुरी खुपसून भोकं पाडलीत आणि रस तेवढा प्यायलास. बुटाची नाडी सोडायचा कंटाळा, म्हणून कापली. मी बरोबर नसले की हा माणूस जंगली होतो. सगळं आवरताना त्याला तोंडानं बोलत होते आणि मध्येच रडले, मग पुन्हा बोलले.

दाराशेजारच्या फळीवर त्याच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत, दरवर्षीच्या. शेवटच्या वर्षाच्या:

४ – आलो. बर्फ चांगला.
५ – रानहंस शंभरेक.
६ – सापळ्यात बीव्हर एक.
८ – क्रौंच आले. सेसिलियाला सांगायचं.

इथपर्यंत त्याचं डावरं, मागे झुकलेलं अक्षर. पुढे नऊसमोर काही तरी लिहायला गेलाय, नुसत्या वाकड्या रेघा. पेन्सिल बोथट झाली असेल. त्याखाली १० – वें. एवढंच, तेही कोंबडीच्या पायासारखं. वेंडेल वरून गेला ते लिहायला घेतलं आणि कंटाळला. वेंडेलला सांगायला हवं, त्याची आठवण शेवटची आहे फळीवर. खूष होईल.

९ मे

सकाळी तो आला होता, काळा. आम्ही बायका त्याचं नाव घेत नाही, मी इथंही लिहीत नाही. हिवाळाभर झोपून उठलेला, कातडं सैल. पलीकडच्या काठावर गवताचे कोंब ओरबाडत होता. मी बंदूक घेऊन दारात उभी राहिले आणि आई बोलायची तसं अदबीनं म्हटलं, "आजोबा, मी एकटी बाई आहे. नवऱ्यासाठी चार पाखरं न्यायला आलेय. आपलं आपण खा." त्यानं ऐकलं असावं. दुपारपर्यंत दिसला नाही. तरी मी पाखरं उंच टांगलीत. आज नऊ रानहंस मिळाले.

१० मे

आजची तारीख. तो उभा राहिला असेल त्या जागी सकाळी चहाचा कप घेऊन उभी राहिले. ऊन होतं. एक हात वर करून पाहिला. मूर्खासारखं वाटलं आणि बरंही.

चौदा रानहंस, बदकं पाच. पुरे. आता पिसं काढणं, साफ करणं, धुरावर टांगणं. हात चालू असले की डोकं गप्प राहतं.

११ मे

रात्रभर पाऊस. मेमध्ये पाऊस म्हणजे बर्फाला वाळवी. काठालगत पाणी दिसायला लागलं, तळ्याचा रंग पांढऱ्याचा राखाडी झाला. उद्या वेंडेल येईल. येऊ दे लवकर.

१२ मे

धुकं. दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. दहादा बाहेर, दहादा आत. संध्याकाळी रेडिओवर निरोपांच्या कार्यक्रमात बाईनं वाचलं: "तळ्यावरच्या सेसिलियाला वेंडेलकडून. धुकं उठलं की उद्या सकाळी येतो. दोन्ही हात." बाई वाचताना जरा थांबली, तिला वाटलं असेल काहीतरी राहिलं.

काठावरून लांब काठी घेऊन बर्फ तपासला. पहिल्या घावाला आरपार. दहा पावलं डावीकडे, पुन्हा आरपार. आतून सगळा सुयासुयांचा झालाय, धक्का लागला की छनछन करत विखुरतो. काठापाशी चार हात उघडं पाणी. धुकं क्षणभर विरळ झालं तेव्हा मधला भाग काळा दिसला. यावर विमान उतरत नाही. त्याला सांगायचं कसं, रेडिओ नुसता ऐकायचा.

मी ठीक आहे. खायला आहे, लाकूड आहे. जूनच्या पहिल्या दिवसांत कुणीतरी पाण्यावर उतरणारं विमान आणेल, सहा तारखेला पोचता येईल. त्यानं उतरता कामा नये, एवढंच. त्याचं ते दोन्ही हातांचं खूळ ऐकणार नाही. दोन हात केले तर तो नक्की उतरणार. एक हात करीन. एक हात म्हणजे ठीक आहे, जा. तीस वर्षं विमान उडवतोय, समजेल.

१३ मे

आजच लिहायला हवं.

नऊच्या सुमारास आवाज आला. मी काठावर स्पष्ट दिसेल अशी उभी राहिले, उजवा हात ताठ वर, डावा खाली, म्हणजे गोंधळ नको. तो खाली आला, डोक्यावरून गेला, वळला. मी एक हात. पुन्हा आला, इतका खाली की त्याचा चेहरा दिसला. मी एक हात, आणि ओरडत होते, "जा, जा रे, बर्फ गेलाय!" इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय. तिसऱ्यांदा वळला तेव्हा वाटलं, गेला एकदाचा. आणि त्यानं विमान सावलीच्या बाजूला नेलं आणि उतरवलं.

अर्धं तळं ठीक आला. मग उजवी स्की खाली गेली, नाक आपटलं, पंखा मोडल्याचा आवाज झाला, बर्फ छनछन करत फुटला. पंखांवर विमान अडकलं म्हणून तो वाचला. दारातून पडला तो कमरेपर्यंत पाण्यात. मी फळी ढकलली, दोर टाकला. काठावर आला आणि गुडघ्यांवर रांगत माझ्याकडेच. आधी माझा डावा हात धरला, वर उचलला, बोटं दाबली. "हलव. बोटं हलव."

"वेडा झालायस? एक हात केला ना मी! एक! ठीक आहे म्हणून!"

"त्यानंही एकच केला होता."

दात वाजत होते त्याचे. खोपटात नेलं, कपडे काढायला लावले, फेबियनचा स्वेटर दिला. चुलीपुढे बसून तो बोलला.

"दुसरा हात खाली लोंबत होता, सेसिलिया. मी पाहिलं होतं. पाहिलं आणि मनाशी म्हटलं, हातात पिशवी असेल. खाणीवर गरम जेवण असतं बाराला, उशीर झाला की संपतं. पंख हलवले आणि गेलो. चौदाला दार उघडलं तेव्हा समजलं. दुसरा हात त्याला वर करताच येत नव्हता. तू प्रत्येक वेळी ती गोष्ट सांगायला लावायचीस आणि मी सांगायचो."

मी फळीकडे पाहिलं. नऊ तारखेच्या रेघा. डावऱ्या माणसानं उजव्या हातानं काढलेल्या. न फोडलेलं लाकूड, सुरी खुपसलेला डबा, कापलेली नाडी. सगळं एका हाताचं. मी त्याला आळशी म्हटलं, रानटी म्हटलं.

दहाला तो मरत होता आणि मला दोन वर्षं वाटत आलं की तो उन्हात उभा होता.

बाहेर जाऊन मी बराच वेळ ओंडके फोडले. सगळे.

१४ मे

वेंडेलशी बोलत नाही. खोपट बारा बाय चौदा फूट.

दुपारी विमान आलं, खालच्या गावातला तो नवा पोरगा. विनीनं पाठवलं असणार. आम्ही दोघं काठावर गेलो. मी एक हात वर केला. वेंडेल हात वर करेचना. नुसता वर बघत उभा. मी म्हटलं, कर. कालपासूनचा पहिला शब्द. त्यानं उजवा हात वर केला, तोंड वेडंवाकडं झालं. पोरानं पंख हलवले आणि शहाण्यासारखा न उतरता गेला. जाताना एक पिशवी टाकली. चहा, तंबाखू आणि विनीची चिठ्ठी: "दोघं जिवंत असाल तर लग्न तरी करा."

मी हसले नाही. तो हसला आणि मग हुंदके देऊन रडला. साठ पार केलेला माणूस.

१९ मे

राग गेलेला नाही. सकाळी उठल्यावर पहिला तोच भेटतो. दहाला नेलं असतं तर कदाचित वाचला असता, कदाचित लंगडत का होईना माझ्यासमोर चहा प्यायला असता. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो." सबब नाही सांगितली. त्याच्याकडे सगळ्या सबबी होत्या, वारा, उजेड, चारशे फूट. एकही वापरली नाही.

आणि हेही लिहायला हवं: तेराला उतरताना त्याला ठाऊक होतं बर्फ कुजलाय. मी विचारलं. "दिसत होता की," म्हणाला.

आज दोघांनी मिळून विमान दोरानं काठाला ओढून बांधलं. काम करताना भांडण जमत नाही. रात्री तो नव्या पाखरांची पिसं काढायला बसला, मला न विचारता.

२७ मे

आज सकाळी तळं मोकळं झालं. एका वाऱ्यात सगळा बर्फ पूर्वेच्या काठाला, आवाज काचेच्या बांगड्या फुटल्यासारखा. फळीवर मी लिहिलं: २७ – बर्फ गेला. क्रौंच आले होते, समजलं.

परवा न्यायला येतील, रेडिओवर सांगितलं.

६ जून

पायांचे तुकडे पडलेत, तरी लिहिते.

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. रानहंसांचं सूप सगळ्यांना पुरलं, विनीनं वाढलं आणि प्रत्येकाला सांगितलं की मीठ तिनं टाकलंय. गाणी झाली. मग मी नावं पुकारायला सुरुवात केली. खड्डा खणणारे, पेटी करणारे. घोंगडी, हातमोजे, घोंगडी.

मग वेंडेलचं नाव. सकाळी मी त्याला विचारलं होतं, "गोष्ट मी सांगू की तू?" तो म्हणाला, "मीच." आणि उभा राहून सांगितली, सगळी, पिशवी आणि गरम जेवणासकट. लहान मुलं सोडून कुणी हललं नाही. विनीनं डाव खाली ठेवला. मला वाटलं आता ती काहीतरी फेकून मारणार. ती म्हाताऱ्या पायांनी चालत त्याच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "तुझं सूप निवलं. दुसरं आणते." आणायला गेली ती स्वयंपाकघरातच रडत बसली, सूप दुसऱ्या कुणी आणलं.

मी त्याला माफ केलंय का? मला ठाऊक नाही. बंदूक घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले तेव्हाही ठाऊक नव्हतं. एवढं ठाऊक होतं की फेबियनला जायचंय आणि दार आम्हा दोघांनाच उघडायचंय.

त्यानं मान खाली घातली आणि एक हात पुढे केला.

"दोन्ही," मी म्हटलं.